मोठ्या तांत्रिक परिषदेत वाय-फाय का रखडतं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परिषदांच्या नेटवर्कचं काम मी स्वयंसेवक म्हणून बरीच वर्षं करतो आहे. शिडीवर चढून ॲक्सेस पॉइंट (वाय-फायचा सिग्नल देणाऱ्या डब्या) बांधायचे, केबलींना लेबलं लावायची आणि मग कार्यक्रमाचे दिवस मदतकक्षात बसून काढायचे. तिथे येणाऱ्यांचा वैताग मला अगदी रास्त वाटतो. माणूस लांबून शिकायला आलेला असतो आणि कार्यशाळेचा पहिला तास फिरणारं चक्र बघण्यात जातो. तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून उत्तरं एकदा सविस्तर लिहून काढली. काही उपस्थितांसाठी आहेत, काही वक्त्यांसाठी, काही आयोजकांसाठी.

फुल रेंज दिसते, तरी साधं पान उघडत नाही. असं कसं?

रेंजच्या काड्या एवढंच सांगतात की ॲक्सेस पॉइंटचा आवाज तुमच्या फोनपर्यंत पोचतो आहे. फोनला बोलायची पाळी कधी मिळेल, ते काड्यांवरून कळत नाही. आणि गर्दीत सगळी अडचण पाळीचीच असते.

वाय-फायमध्ये एका चॅनेलवर, म्हणजे हवेतल्या एका ठरावीक वाटेवर, एका वेळी एकानेच बोलायचं असतं. प्रत्येक उपकरण आधी कान देतं, हवा मोकळी आहे का ते बघतं, मग थोडा वेळ थांबतं आणि पॅकेट, म्हणजे माहितीचा एक तुकडा, सोडतं. हा थांबायचा वेळ जो तो मनाशी चिठ्ठी काढल्यासारखा ठरवतो. दोघांची चिठ्ठी एकच निघाली की दोन्ही पॅकेटं फुकट जातात, आणि पुढच्या खेपेला दोघांनाही जास्त थांबावं लागण्याची शक्यता वाढते. दहा जणांत ही शिस्त सुरेख चालते. आठशे माणसांच्या सभागृहात प्रत्येकाकडे फोन आणि लॅपटॉप, काहींच्या मनगटावर घड्याळही असतं. तिथे बराच वेळ नुसता थांबण्यात आणि तेच पॅकेट परत पाठवण्यात जातो.

त्यात वेगाचा फरक. लांबच्या कोपऱ्यात एका काडीवर लटकलेला जुना फोन सेकंदाला १ मेगाबिटने बोलत असेल, तर १५०० बाइटचं एक पॅकेट पाठवायला त्याला १२ मिलिसेकंद लागतात. शेजारचा नवा लॅपटॉप १५० मेगाबिटने तेच पॅकेट ०.०८ मिलिसेकंदात उरकतो. जुन्या फोनच्या एका पॅकेटच्या वेळात, पाळीचा खर्च सोडला तर, लॅपटॉपची दीडशे पॅकेटं गेली असती. त्या १२ मिलिसेकंदांत मात्र चॅनेलवरचे सगळेच गप्प बसतात. म्हणून आम्ही नेटवर्कवाले ‘स्पीड किती’ यापेक्षा ‘हवेतला वेळ कोण खातंय’ हे आधी बघतो. या पानावरची बहुतेक उत्तरं शेवटी याच एका गोष्टीपाशी येतात.

आयोजकांनी इंटरनेटची लाइनच लहान घेतली असेल ना?

क्वचित तसं असतं. पण बहुतेक वेळा सभागृहात लोक हैराण झालेले असतात आणि बाहेर जाणारी लाइन अर्धीसुद्धा भरलेली नसते. नळ मोठा असून उपयोग काय, भांडी भरायला एकच जण पुढे येऊ शकत असेल तर? लाइन वाढवली की हवा सुधारत नाही.

लाइन खरंच तुंबली असेल तर त्याची खूण वेगळी असते. तेव्हा तारेने जोडलेली यंत्रंसुद्धा रखडतात.

मग आणखी ॲक्सेस पॉइंट लावा की!

लावतो, पण मोजून. वाय-फाय रेडिओ लहरींच्या दोन-तीन ठरलेल्या पट्ट्यांत चालतं. २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारी चॅनेलं तीनच आहेत : १, ६ आणि ११. एका सभागृहात तिथे चौथा ॲक्सेस पॉइंट लावला की तो आधीच्या तिघांपैकी कुणाच्या तरी चॅनेलवर जाऊन बसतो. दोघंही एकमेकांना ऐकतात, एकमेकांसाठी थांबतात आणि क्षमता होती तेवढीच राहते. उलट गोंगाट वाढतो.

५ गिगाहर्ट्‌झमध्ये जागा बरीच आहे. २० मेगाहर्ट्‌झची वीसच्या आसपास चॅनेलं मिळतात. नेमकी किती, ते देशाच्या नियमांवर ठरतं. पण त्यातली बरीचशी रडारबरोबर वाटून घ्यावी लागतात. अशा चॅनेलवर सुरुवात करण्याआधी ॲक्सेस पॉइंटने निदान ६० सेकंद नुसतं ऐकायचं असतं. चालू असताना रडारसारखा ठोका ऐकू आला तर चॅनेल सोडायचं आणि ३० मिनिटं तिकडे फिरकायचं नाही. भाषण ऐन रंगात असताना एका कोपऱ्यातलं नेट गेलं आणि थोड्या वेळाने परत आलं, तर हे एक कारण असू शकतं.

अनेक ठिकाणी आता ६ गिगाहर्ट्‌झचा पट्टाही खुला झाला आहे. तिथे गर्दी अजून कमी आहे आणि जुन्या, संथ उपकरणांचं ओझंही नाही. तुमचा लॅपटॉप तो पट्टा पकडत असेल तर जरूर वापरा.

आयोजकांच्या बाजूने नेमका उलटा विचार करावा लागतो. प्रत्येक ॲक्सेस पॉइंटचा आवाज कमी करायचा, म्हणजे तो जवळच्यांनाच ऐकू जाईल. चॅनेल २० मेगाहर्ट्‌झचंच ठेवायचं. ८० मेगाहर्ट्‌झचं रुंद चॅनेल घरी छान वाटतं, पण गर्दीत ते चार जणांची जागा अडवतं.

आदल्या संध्याकाळी चाचणी केली होती म्हणता. तेव्हा चालत होतं, मग सकाळी काय झालं?

माणसं आली. मानवी शरीरात बहुतांश पाणी असतं आणि पाणी या लहरी शोषून घेतं. रिकाम्या सभागृहात छतावरच्या ॲक्सेस पॉइंटला लॅपटॉप थेट दिसतो. भरलेल्या सभागृहात मध्ये खांदे, डोकी आणि पाठपिशव्या येतात. म्हणून रिकाम्या जागेतली चाचणी ही निम्मीच चाचणी. काही ठिकाणी याच गोष्टीचा फायदा करून घेतात. ॲक्सेस पॉइंट खुर्च्यांखाली ठेवतात, म्हणजे बसलेल्या लोकांचीच भिंत होते आणि एकाचा आवाज चार रांगांपलीकडे जात नाही. खुर्चीखाली डबी दिसली तर कृपा करून ती सरकवू नका.

माझा स्वतःचा हॉटस्पॉट लावला तर कुणाला काय त्रास?

सगळ्यांना, आणि त्यात तुम्हीही आलात. हॉटस्पॉट म्हणजे त्याच हवेत बोलणारा आणखी एक ॲक्सेस पॉइंट. फरक एवढाच की त्याचं चॅनेल आणि आवाज कुणी ठरवून दिलेला नसतो.

याचं सर्वांत गाजलेलं उदाहरण ७ जून २०१० चं. सॅन फ्रान्सिस्कोत स्टीव्ह जॉब्स आयफोन ४ दाखवत होते आणि मंचावर साधं पान उघडेना. त्या सभागृहात ५७० वाय-फाय बेस स्टेशनं चालू असल्याचं त्यांनी पुढे मंचावरूनच सांगितलं आणि लोकांना वाय-फाय बंद करून लॅपटॉप खाली ठेवायची विनंती केली. त्यातली पुष्कळशी लोकांच्या खिशातली हॉटस्पॉट उपकरणं होती.

माझा स्वतःचा अनुभव लहान आहे, पण तो मी विसरत नाही. एका कार्यशाळेच्या खोलीत चॅनेल १ आणि ६ दोन्ही एकदम बिघडली. मी लॅपटॉपवर हवेतली पॅकेटं पकडायला सुरुवात केली, तेव्हा चॅनेल ३ वर एक अनोळखी नाव दिसलं. चॅनेल ३ हे १ वरही चढतं आणि ६ वरही, त्यामुळे दोन्हींकडे ते नुसत्या खरखरीसारखं पोचतं. लॅपटॉप हातात घेऊन मी रांगांमधून हळूहळू चालत गेलो. त्या डबीच्या सिग्नलचा आकडा (तो शून्याकडे जितका सरकेल तितके आपण जवळ) उणे ७० डेसिबल-मिलिवॅट होता, खिडकीपाशी उणे ५५ झाला, चौथ्या रांगेत उणे ३८. तिथे एका पाठपिशवीच्या पुढच्या कप्प्यात, घडी केलेल्या छत्रीखाली, हॉटस्पॉटची डबी लुकलुकत होती. त्या मुलीने ती प्रवासात वापरली होती आणि बंद करायची राहून गेली होती. तिने बटण दाबलं आणि दोन मिनिटांत मागच्या बाकांवरून ‘आलं, आलं’ असं ऐकू यायला लागलं. तिची चूक म्हणावी असं त्यात काही नव्हतं. सभागृहात शिरताना कुणी तिला सांगितलंच नव्हतं. तेव्हापासून मी नोंदणीच्या टेबलावर ही सूचना मोठ्या अक्षरांत लावायचा आग्रह धरतो.

फोनचं नेट लॅपटॉपला द्यायचंच असेल तर यूएसबी केबलने द्या. हवा तेवढीच मोकळी राहते.

मग आयोजक हॉटस्पॉट जबरदस्तीने बंद का पाडत नाहीत?

तांत्रिकदृष्ट्या ते जमतं. दुसऱ्याच्या नावाने ‘जोडणी तोडा’ असा संदेश पाठवला की जुन्या सुरक्षापद्धतीतली उपकरणं तो मानतात. पण हे करू नये. ऑक्टोबर २०१४ मध्ये अमेरिकेच्या एफसीसी या नियामकाने नॅशव्हिलमधल्या एका मोठ्या हॉटेलात नेमका हाच प्रकार केल्याबद्दल मॅरियट कंपनीकडून ६ लाख डॉलर दंड घेतला. दुसऱ्याचा संपर्क तोडण्याचा हक्क जागेच्या मालकालाही नाही, आणि मला हे पटतं. विनंती करावी, कारण सांगावं. आपलं नेटवर्क नीट चाललं तर लोक हॉटस्पॉट लावतच नाहीत.

‘कनेक्टेड’ लिहून येतं, पण ‘इंटरनेट नाही’ असंही येतं. माझंच यंत्र बिघडलंय का?

बहुधा नाही. नेटवर्कच्या सेटिंगमध्ये तुमचा आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवरचा तुमच्या यंत्राचा क्रमांक, बघा. तो १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर पत्ते वाटणाऱ्या डीएचसीपी सर्व्हरकडून पत्ता मिळालेला नाही आणि यंत्राने स्वतःच काहीतरी धरून ठेवलं आहे.

असं होण्याचं नेहमीचं कारण म्हणजे पत्ते संपणं. साध्या राउटरवर बहुतेकदा २५४ पत्त्यांचा साठा असतो. एक पत्ता दिला की तो २४ तास त्याच उपकरणाच्या नावे राहतो, असंही पुष्कळदा ठरवलेलं असतं. सकाळी दारातून आत येऊन अर्ध्या तासात निघून गेलेल्या माणसाचा पत्ता संध्याकाळपर्यंत अडकून पडतो. त्यात आता फोन प्रत्येक नेटवर्कच्या नावासाठी वेगळा, बनावट हार्डवेअर पत्ता वापरतात. खासगीपणासाठी ते उत्तमच आहे, पण तुम्ही तीन नावांवर जोडून बघितलं तर सर्व्हरला तीन वेगळी उपकरणं दिसतात. सगळ्यांना एकाच साठ्यातून वाटप असेल तर तीन पत्ते गेले.

आयोजकांसाठी हिशेब सोपा आहे. माणशी तीन उपकरणं धरा आणि त्याच्या दुप्पट साठा ठेवा. तीन हजार माणसांना ३२,७६६ पत्त्यांची खासगी मालिका पुरते. ६५,५३४ ची घेतली तरी बिघडत नाही. पत्त्याची मुदत अर्धा ते एक तास ठेवा. फक्त एवढ्या मोठ्या साठ्यात उपकरणांच्या आपापसातल्या हाका बंद करायला विसरू नका. प्रिंटर शोधणं, टीव्ही शोधणं असल्या हाका सगळ्यांना उद्देशून असतात. त्या सर्वांत मंद वेगाने हवेत जातात आणि हजारो यंत्रं एकदम हाका मारू लागली की चॅनेल त्यातच संपतं.

पत्ता मिळालाय, तरी काही उघडत नाही. आता?

डीएनएस किंवा नॅट (अनेक यंत्रांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागून बाहेर नेण्याची सोय). साइटच्या नावाचं आकड्यात रूपांतर करणारा डीएनएस सर्व्हर आवारातच असावा आणि त्याने उत्तरं साठवून ठेवावीत. आणि हजारो लोकांना एकाच सार्वजनिक आयपीमागे बसवू नये. फायरवॉलचा, म्हणजे बाहेरच्या दारावरच्या यंत्राचा, जोडण्यांचा तक्ता भरला की जुन्या जोडण्या चालू राहतात आणि नव्या लागत नाहीत. ‘व्हिडिओ कॉल चाललाय पण नवीन पान उघडत नाही’ अशी तक्रार आली की मी आधी तो तक्ता बघतो.

वाय-फायच्या यादीत पाच-सहा नावं दिसतात : उपस्थित, वक्ते, प्रायोजक, कर्मचारी... कोणतं घेऊ?

तुम्हाला दिलेलं घ्या. पण ही नावं इतकी असूच नयेत, आणि याबद्दल मी आयोजकांशी दर वेळी वाद घालतो.

प्रत्येक नाव, प्रत्येक ॲक्सेस पॉइंटवरून, दर १०२.४ मिलिसेकंदांनी ‘मी इथे आहे’ अशी हाळी देतं. तिला बीकन म्हणतात. ३०० बाइटचा बीकन १ मेगाबिटने पाठवला तर सुमारे २.६ मिलिसेकंद लागतात, म्हणजे हवेतला अडीच टक्के वेळ. पाच नावं असतील तर साडेबारा टक्के. त्याच चॅनेलवर असे चार ॲक्सेस पॉइंट एकमेकांना ऐकू येत असतील तर पन्नास टक्के. एकाही माणसाने एकही पान उघडलेलं नाही आणि निम्मी हवा संपलेली असते.

तेच बीकन २४ मेगाबिटने पाठवले तर सगळे मिळून दोन-अडीच टक्क्यांत बसतात. म्हणून जुने मंद वेग बंद करणं आणि नावं दोनवर आणणं ही दोन कामं आधी करावीत. त्यांना नवीन सामान लागत नाही. फार जुनी काही उपकरणं मग जोडली जात नाहीत, हे खरं. हजारभर लोकांसाठी मी तो निर्णय घेतो आणि अशा उपकरणांसाठी मदतकक्षाजवळ तारेची सोय ठेवतो.

माझा लॅपटॉप वाय-फाय ६ किंवा ७ चा आहे. मला तरी चांगलं मिळायला हवं ना?

थोडं. वाय-फाय ६ मध्ये एका खेपेत अनेकांना वाटून देण्याची सोय आली, ती गर्दीसाठीच आहे. पण समोरचा ॲक्सेस पॉइंट त्याच पिढीचा हवा आणि आजूबाजूची बरीच उपकरणंही. चॅनेल जुन्यांबरोबर वाटून घेताय तोवर त्यांची पाळी तुम्हालाही थांबवते.

मोबाइल डेटा वापरू का?

जरूर वापरून बघा. पण हजारो फोन एकाच टॉवरवर आले की तिथेही हीच गत होते, आणि काँक्रीटच्या सभागृहात सिग्नल मुळातच अशक्त असतो.

सभागृहाच्या एका टोकाला चालतं, दुसरीकडे गेलो की बंद पडतं.

कोणत्या ॲक्सेस पॉइंटला धरून राहायचं हे तुमचा फोन ठरवतो, नेटवर्क फक्त सुचवू शकतं. काही फोन दारापाशी धरलेला ॲक्सेस पॉइंट पार पलीकडे गेल्यावरही सोडत नाहीत. वाय-फाय एकदा बंद करून चालू करा. एवढ्याने पुष्कळ जणांचं काम होतं.

मी कार्यशाळा घेणार आहे. नेटवर किती विसंबून राहू?

साठ जणांनी एकाच मिनिटाला दोन गिगाबाइटची कंटेनर इमेज (सरावाला लागणाऱ्या सॉफ्टवेअरचं तयार गाठोडं) उतरवायला घेतली, तर १२० गिगाबाइट होतात. एका ॲक्सेस पॉइंटवरून प्रत्यक्षात २०० मेगाबिट मिळाले असं धरलं तरी त्याला ८० मिनिटं लागतील, आणि तीही इतर कुणीही काही केलं नाही तर. तुमची कार्यशाळा तिथेच संपली.

सामान आठवडाभर आधी घरून उतरवून आणायला सांगा. तरी निम्मे लोक तसेच येतात, म्हणून सगळं भरलेले पाच-सहा पेनड्राइव्ह बरोबर ठेवा. खोलीत एक लहान सर्व्हर तारेने जोडून त्यावर लागणाऱ्या सॉफ्टवेअर पॅकेजांची प्रत (मिरर) ठेवता आली तर फारच उत्तम. सराव असा बेता की नेट गेलं तरी हात चालू राहतील. आणि सुरू करताना सगळ्यांना क्लाउड सिंक आणि अपडेट थांबवायला सांगा. ती यंत्रं मालकाच्या नकळत खेचत असतात.

मंचावर थेट प्रात्यक्षिक दाखवायचं आहे.

तारेने. या बाबतीत मी कुणाचंच ऐकत नाही. मंचावर दोन इथरनेट केबली, वेगळ्या नेटवर्कवर, आदल्या दिवशी तुमच्याच लॅपटॉपने तपासलेल्या. हल्लीच्या बऱ्याच लॅपटॉपना इथरनेटचं भोक नसतं, तेव्हा ॲडॉप्टर बरोबर आणा. प्रात्यक्षिकाचं ध्वनिचित्रमुद्रण लॅपटॉपमध्येच ठेवा. आणखी एक : यूएसबी ३ ची हार्ड डिस्क किंवा हब २.४ गिगाहर्ट्‌झमध्ये खरखर सोडतात. बिनतारी माउस अडखळायला लागला तर आधी ती डिस्क काढून बघा.

तक्रार करायची तर काय सांगू, म्हणजे तुम्हाला उपयोग होईल?

‘नेट चालत नाही’ एवढ्यावरून आम्हाला काहीच सापडत नाही. कुठल्या खोलीत, कितव्या रांगेत, किती वाजता, हे सांगा. तुमचा आयपी पत्ता सांगा. जमलं तर गेटवेला, म्हणजे नेटवर्कमधून बाहेर पडायच्या दारावरच्या यंत्राला, पिंग करून (उत्तर किती वेळात येतं ते तपासणारी आज्ञा देऊन) बघा आणि मग बाहेरच्या एखाद्या पत्त्याला. गेटवेलाच उत्तर येत नसेल किंवा वेळ २ वरून ९०० मिलिसेकंदांवर उड्या मारत असेल, तर बिघाड हवेत आहे. गेटवे झटकन उत्तर देतो आणि बाहेरचं रखडतं, तर तो पुढे लाइनीत आहे. आकड्याचा पत्ता चालतो पण नाव चालत नाही, तर डीएनएस. या तीन ओळी लिहून आणणाऱ्या माणसाचे मी मनापासून आभार मानतो. त्या एका चिठ्ठीने आमचा अर्धा तास वाचतो.

आणि स्पीड टेस्ट लावू नका. शंभर लोकांनी एकदम ती लावली की चॅनेल भरतं, आणि आकडा बघून कुणालाच काही मिळत नाही.

लॉगिनचं पान पुन्हा पुन्हा येतं.

तांत्रिक परिषदेत ते पान नसावं, असं माझं स्पष्ट मत आहे. ते सुरक्षितता वाढवत नाही आणि झोपेतून उठलेल्या प्रत्येक फोनला पुन्हा अडवतं. बिल्ल्यावर पासवर्ड छापा, झालं.

हे नेटवर्क सुरक्षित आहे का?

अनोळखी जागेतलं नेटवर्क समजून वागा. एचटीटीपीएस किंवा व्हीपीएन वापरा (दोन्ही तुमची माहिती कुलूपबंद करून पाठवतात), आणि प्रमाणपत्राचा इशारा आला तर पुढे जाऊ नका.

कुणी हे नीट करून दाखवलंय का, की सगळीकडे असंच?

दाखवलंय. ब्रसेल्समध्ये भरणाऱ्या फॉसडेम या मुक्त सॉफ्टवेअर परिषदेला हजारो लोक येतात आणि तीही स्वयंसेवकांच्या बळावर चालते. २०१४ पासून त्यांनी आपलं मुख्य नेटवर्क फक्त आयपीव्ही६ वर (आयपी पत्त्यांची नवी, प्रचंड मोठा साठा असलेली पद्धत) ठेवलं आणि जुन्या उपकरणांसाठी वेगळं नाव दिलं. पत्ते संपण्याचा प्रश्न तिथे मुळातच मिटतो. इंटरनेटची मानकं ठरवणाऱ्या आयईटीएफच्या बैठकांतही असं नेटवर्क उपलब्ध असतं. या लोकांनी सामानापेक्षा पूर्वतयारीला जास्त वेळ दिला, हे मला फार मोलाचं वाटतं.

आम्ही पहिल्यांदाच परिषद भरवतोय. नेटवर्कवाल्याला कधी बोलवायचं?

जागेचा करार करण्याआधी. छतापर्यंत केबल नेता येते का, स्विच ठेवायच्या खोलीची किल्ली कुणाकडे असते, जागेचं स्वतःचं वाय-फाय त्या दिवसांत बंद करतील का, हे प्रश्न करारावर सही झाल्यावर विचारले तर उत्तर ‘नाही’ येतं. इथरनेटच्या एका केबलची हद्द १०० मीटर आहे, तेव्हा नकाशा घेऊन प्रत्यक्ष चालत मोजा.

आणि शेवटच्या दिवशी शिड्या आणण्याआधी आकडे उतरवून घ्या : प्रत्येक ॲक्सेस पॉइंटवर एका वेळी जास्तीत जास्त किती उपकरणं होती, किती पत्ते वाटले गेले, लाइन कमाल किती भरली, कोणत्या खोलीतून तक्रारी आल्या. सगळे ॲक्सेस पॉइंट एका जागेवरून चालवणाऱ्या कंट्रोलरची वीज काढली की त्यातले निम्मे आकडे जातात.